एकाकी उड्डाण

इतिहासांत कांहीं तारखा अशा येतात कीं, त्यांच्या पोटांत परस्परांशीं कसलाहि संबंध नसलेल्या दोन घटना शेजारीं शेजारीं नांदत असतात, आणि त्या काळच्या माणसांना तें शेजारपण जाणवतहि नाहीं. ५ मे १९३० ही अशीच एक तारीख होय. मध्यरात्र उलटून थोडाच वेळ झाला होता, तों गुजराथेंतील दांडीनजीकच्या कराडी या खेड्यांत झोपडींत निजलेल्या महात्मा गांधींना पोलिसांनीं जागें केलें, आणि १८२७ सालच्या एका जुनाट रेग्युलेशनाच्या आधारें, कोणत्याहि न्यायालयापुढें उभें न करतां, येरवड्याच्या तुरुंगाकडे रवाना केलें. त्याच तारखेच्या सकाळीं लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावरून एक सव्वीस वर्षांची इंग्रज मुलगी एका लहानशा, जुन्या, हिरव्या रंगाच्या विमानांत एकटीच बसून ऑस्ट्रेलियाच्या दिशेनें उडाली. तिला निरोप द्यावयास तिचे वडील आणि मोजकीं स्नेही मंडळी, एवढाच काय तो समुदाय हजर होता. पहिल्या घटनेनें हिंदुस्थान पेटला. दुसरीची दखल त्या दिवशीं फारशी कोणी घेतली नाहीं.

प्रस्तुत लेखाचा विषय दुसरी घटना हा आहे. पहिलीचा उल्लेख आरंभींच केला तो अशासाठीं कीं, त्या मुलीचें विमान पुढें आपल्याच देशावरून गेलें, आपल्याच एका छावणीच्या मैदानावर उतरलें, आणि ज्या दिवसांत तें गेलें ते दिवस आपल्या राष्ट्राच्या आयुष्यांतले अत्यंत कसोटीचे होते. तेव्हां या उड्डाणाकडे आपण कोणत्या डोळ्यांनीं पाहावें, हा प्रश्न मला केवळ कुतूहलाचा वाटत नाहीं.

त्या मुलीचें नांव ॲमी जॉन्सन. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील हल या बंदरांत १ जुलै १९०३ रोजीं तिचा जन्म झाला. वडील मासळीचे व्यापारी. शेफील्डच्या विद्यापीठांत अर्थशास्त्र घेऊन ती पदवीधर झाली, आणि पदवीधर होऊनहि शेवटीं लंडनमध्यें एका वकिलाच्या कचेरींत टंकलेखनाचें काम करूं लागली. आपल्याकडील सुशिक्षितांना या कथेंत नवल वाटण्याचें कारण नाहीं. पदवी आणि पोट यांची गांठ घालणें तिकडेहि सोपें नव्हतें. १९२८ सालीं ती लंडनजवळच्या स्टॅग लेन येथील विमान-मंडळांत जाऊं लागली. तेथें तिनें कांहीं विजेसारखी चमक दाखवली असें नव्हे. एकटीनें विमान उडवण्याची परवानगी मिळेपर्यंत तिला इतर नवशिक्यांहून अधिक तास शिकवणी घ्यावी लागली. जुलै १९२९ मध्यें तिला वैमानिकाचा परवाना मिळाला.

येथपर्यंतची हकीकत त्या काळच्या कोणाहि हौशी वैमानिकाची असूं शकते. वेगळेपण आहे तें यापुढें. विमान चालवतां येणें तिला पुरेसें वाटेना. तें उघडतां, जोडतां आणि दुरुस्त करतां आलें पाहिजे असा तिनें ध्यास घेतला. मंडळाचे मुख्य यंत्रज्ञ जॅक हम्फ्रीज यांच्या हाताखालीं ती कामाला लागली. कचेरींत जाण्यापूर्वीं आणि कचेरी सुटल्यावर तेलकट कपडे घालून कारखान्यांत इंजिनें खोलणारी बाई हें दृश्य त्या मंडळींना प्रथम विनोदी वाटलें असेल. पण डिसेंबर १९२९ मध्यें विमानाच्या भूमि-यंत्रज्ञाचा सरकारी परवाना मिळवणारी ती पहिली ब्रिटिश स्त्री ठरली. माझ्या मतें तिच्या चरित्रांतील सर्वांत महत्त्वाचा कागद हाच होय. वैमानिकाच्या परवान्यानें तिला आकाशांत नेलें. यंत्रज्ञाच्या परवान्यानें तिला परत जमिनीवर सुखरूप आणलें.

त्या वेळीं इंग्लंडहून ऑस्ट्रेलियापर्यंत एकट्यानें सर्वांत कमी वेळांत उडून जाण्याचा विक्रम बर्ट हिंकलरच्या नांवावर होता. या ऑस्ट्रेलियन वैमानिकानें फेब्रुवारी १९२८ मध्यें तें अंतर सुमारें साडेपंधरा दिवसांत तोडलें होतें. हा विक्रम मोडावयाचा, असें ॲमीनें ठरवलें. तिच्या गांठीं आकाशांतला अनुभव होता शंभर तासांहूनहि कमी, आणि तिचा तोंवरचा सर्वांत लांबचा प्रवास म्हणजे लंडनहून हलपर्यंतचा, आपल्या माहेरच्या गांवापर्यंतचा. तिनें अनेकांना पत्रें लिहिलीं. अखेर मुलकी विमानखात्याचे प्रमुख सर सेफ्टन ब्रँकर यांनीं तिचें म्हणणें मनावर घेतलें आणि तेलाचे व्यापारी लॉर्ड वेकफील्ड यांच्याकडे तिची शिफारस केली. वेकफील्ड आणि ॲमीचे वडील यांच्या पैशांतून ६०० पौंडांना एक वापरलेलें ‘जिप्सी मॉथ’ विमान विकत घेण्यांत आलें. वडिलांच्या मासळीच्या व्यापारांत ‘जेसन’ ही निशाणी होती; तेंच नांव विमानाला मिळालें. सोनेरी लोकरीच्या शोधांत निघालेल्या ग्रीक वीराचें नांव हेरिंग माशांच्या पेट्यांवरून विमानाच्या अंगावर आलें, ही गोष्ट मला फार आवडते. पुराणांतून आकाशांत जाण्याचा रस्ता मासळीबाजारांतून गेला.

हें विमान म्हणजे काय होतें याची कल्पना आजच्या वाचकाला सहजासहजीं यावयाची नाहीं. लांकडाचा सांगाडा, पंखांवर ताणून बसवलेलें कापड, त्या कापडावर तें ताठ राहावें म्हणून चोपडलेलें रोगण, आणि पुढें सुमारें शंभर अश्वशक्तीचें इंजिन. बसण्याची जागा उघडी. डोक्यावर छप्पर नाहीं. वेग ताशीं ऐंशी-पंचाऐंशी मैल, म्हणजे समोरून जोराचा वारा सुटला कीं खालची आगगाडीहि बरी म्हणावयाची पाळी. रेडिओ नाहीं. वाट दाखवावयास होकायंत्र, नकाशाच्या पट्ट्या आणि खालीं दिसणाऱ्या नद्या व रुळांच्या रेषा. लांबच्या पल्ल्यासाठीं जादा टाक्या बसवलेल्या; त्यांतलें पेट्रोल उडतां उडतां हातपंपानें वरच्या टाकींत चढवावें लागे. दिवसभर असें उडून उतरल्यावर रात्रीं तिची दुसरी पाळी सुरू होई: तेल बदलणें, गाळण्या धुणें, प्लग साफ करणें. झोपेला उरत ते अवघे तीन-चार तास.

पहिल्या दिवशीं ती व्हिएन्नास पोंचली, दुसऱ्या दिवशीं कॉन्स्टँटिनोपलला. तिसऱ्या दिवशीं टॉरस पर्वताची रांग आडवी आली. ढगांच्या वर जाण्याइतकी उंची जड झालेल्या विमानाला साधेना. तेव्हां रेल्वेच्या रुळांचा माग धरून ती घाटांतून निघाली, आणि एका वळणावर ढगांतून बाहेर पडतें न पडतें तोंच समोर उभा कडा दिसला. थोडक्यांत जीव बचावला आणि ती अलेप्पोस उतरली. बगदादच्या वाटेवर वाळूच्या वादळानें विमान खालीं दाबलें. कांहींच दिसेना, तेव्हां तिनें वाळवंटांतच तें टेकवलें, चाकांना सामानाचा अडसर लावला, इंजिनावर कापड बांधलें, आणि वादळ शमेपर्यंत विमान उडून जाऊं नये म्हणून त्याच्या शेपटाशीं वजन देऊन बसून राहिली. दूरवर कुत्रीं भुंकत होतीं. हातांत एक रिव्हॉल्व्हर. बंदर अब्बास येथें उतरतांना विमानाच्या खालच्या आधाराचा भाग मोडला. तोहि रातोरात एका कारागिराच्या मदतीनें दुरुस्त झाला. आणि १० मे रोजीं, सहाव्या दिवशीं, ती कराचीस पोंचली. हिंकलरला येथवर यावयास आठ दिवस लागले होते. आतां जगाच्या वर्तमानपत्रांचे डोळे उघडले. पांच मे रोजीं जी कोणाच्या खिजगणतींत नव्हती, ती दहा मे रोजीं साऱ्या इंग्लंडची लाडकी लेक झाली.

कराचीपासून पुढें मात्र दैवानें आंखडतें घेतलें. ११ मे रोजीं अलाहाबादकडे जातांना पेट्रोल कमी पडणार असें दिसूं लागलें, आणि तिनें झांशीच्या लष्करी कवायतीच्या मैदानावर विमान उतरवलें. मैदान तोकडें, वेग जास्त; विमान बराकींच्या दिशेनें धांवत गेलें आणि पंखाला इजा झाली. तेथील कारागिरांनीं पंख सांधून दिला. दुसऱ्या दिवशीं अलाहाबादेवरून कलकत्ता; आणि १३ मे रोजीं ब्रह्मदेशांत रंगूनजवळ पावसानें गांठलें. घोडदौडीचें मैदान सांपडेना म्हणून तिनें इनसीन येथील सरकारी तांत्रिक शाळेच्या खेळाच्या मैदानावर उतरण्याचा प्रयत्न केला. विमान मैदान ओलांडून खंदकांत गेलें. पंख फाटला, पंखा मोडला, चाक निकामी झालें.

हिंकलरचा विक्रम मोडण्याची आशा या खंदकांत बुडाली. तेथें तीन दिवस गेले. परंतु विमान पुन्हां उडण्यास समर्थ झालें तें कसें, हें सांगण्यासारखें आहे. शाळेंतील शिक्षक आणि विद्यार्थी कामाला लागले. पंखाच्या मोडलेल्या फासळ्या नव्यानें घडवण्यांत आल्या. कापड कोठून आणावयाचें? पहिल्या महायुद्धानंतर उरलेल्या विमानाच्या कापडाचे त्या भागांत शर्ट शिवले गेले होते. ते शर्ट उसवून त्यांचे तुकडे पंखावर बसवण्यांत आले. रोगण तेथल्याच औषधविक्याकडून घोटून घेण्यांत आलें. मोडलेल्या पंख्याच्या जागीं तिनें विमानाला बांधून आणलेला राखीव पंखा चढला. १६ मे रोजीं ‘जेसन’ शर्टाचे तुकडे अंगावर घेऊन बँकॉककडे निघालें.

पुढली वाट अशीच डागडुजीची होती. जावा बेटांत एका साखरेच्या मळ्यांत उतरतांना जमिनींत रोवलेले बांबूचे खुंट पंखांत घुसले. तीं भोकें जखमेवर लावावयाच्या चिकटपट्टीनें बुजवलीं. तिमोर बेटांत ती वारुळांनीं भरलेल्या एका माळावर उतरली आणि एक रात्रभर जगाला तिचा ठावठिकाणा लागला नाहीं. शेवटीं सुमारें पांचशें मैलांचा समुद्र. मध्यावर एक तेलवाहू जहाज दिसलें तेव्हां आपण वाटेवर आहों, अशी तिची खात्री पटली. २४ मे १९३० रोजीं दुपारीं ती डार्विनला उतरली. सुमारें ११,००० मैल, साडेएकोणीस दिवस. हिंकलरहून चार दिवस अधिक. पण इंग्लंडहून ऑस्ट्रेलियापर्यंत एकटीनें उडणारी ती पहिली स्त्री.

२४ मे हा त्या काळीं ‘साम्राज्य दिन’ म्हणून पाळला जाई. या योगायोगाचा जेवढा उपयोग करून घेतां येईल तेवढा करून घेण्यांत आला. राजाचा किताब, ‘डेली मेल’ पत्राचे दहा हजार पौंड, तिच्या नांवाचें गाणें, ऑगस्टमध्यें क्रॉयडनला परतल्यावर रस्त्यांच्या दुतर्फा लोटलेली अफाट गर्दी: हें सर्व यथासांग झालें. दमलेल्या त्या मुलीनें मात्र डार्विननंतर पांचच दिवसांनीं ब्रिस्बेनला लोकांच्या देखत विमान उलथें पाडलें. ज्या हातांनीं वाळवंट आणि समुद्र पार केला, ते हात सत्कारांनीं थकले होते.

येथें हिंकलरला न्याय दिला पाहिजे. वेळेच्या हिशोबानें तो श्रेष्ठ. तरीहि आज दहा लोकांना ॲमीचें नांव ठाऊक असेल तर एकाला त्याचें. ती स्त्री होती, तरुण होती, वर्तमानपत्रांना हवी तशी होती, हें त्याचें एक कारण. पण मला दुसरेंहि एक कारण दिसतें. हिंकलर हा कसलेला वैमानिक होता. त्यानें केलें तें त्याच्याकडून अपेक्षितच होतें. ॲमी ही टंकलेखिका होती. तिच्या यशांत सामान्य माणसाला स्वतःचा चेहरा दिसला. जानेवारी १९३३ मध्यें हिंकलर इटलीच्या डोंगरांत विमान कोसळून एकटाच मेला.

आतां आपल्याकडे वळूं. त्याच मे महिन्यांत त्याच आकाशमार्गावर हिंदी तरुणहि उडत होते. इंग्लंड व हिंदुस्थान यांमध्यें कोणत्याहि दिशेनें एकट्यानें उडणाऱ्या पहिल्या हिंदी माणसाला आगाखानांनीं ५०० पौंडांचें बक्षीस लावलें होतें. मनमोहन सिंग हे दोनदां अपयश घेऊनहि तिसऱ्यांदा इंग्लंडहून निघाले आणि कराचीस पोंचले. पण वाटेंत विमान नादुरुस्त होऊन ठरलेली मुदत टळून गेली. जे. आर. डी. टाटा ३ मे रोजीं कराचीहून पश्चिमेकडे निघाले. अस्पी इंजिनीयर हा सतरा वर्षांचा मुलगा २५ एप्रिलला इंग्लंडहून पूर्वेकडे निघाला होता. ईजिप्तमध्यें अबूकीर येथें या दोघांची गांठ पडली, तेव्हां इंजिनीयर प्लगवांचून अडकून पडला होता. टाटांनीं आपल्याजवळचा राखीव प्लग प्रतिस्पर्ध्याला देऊन टाकला. ११ मे रोजीं, म्हणजे ॲमी कराची सोडून निघाली त्याच दिवशीं, इंजिनीयर कराचीस उतरला आणि बक्षीस त्याचें झालें. टाटा थोडक्यासाठीं मागें राहिले. हाच मुलगा १९६० मध्यें भारतीय वायुदलाचा प्रमुख झाला, आणि बक्षीस हुकलेल्या टाटांनीं १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं कराचीहून जुहूपर्यंत टपाल आणून हिंदी हवाई वाहतुकीचा पाया घातला. मनमोहन सिंग १९४२ सालीं युद्धांत कामास आले.

आणि जमिनीवर? ॲमी कलकत्त्यास पोंचली त्या १२ मे रोजीं आमच्या सोलापुरांत लष्करी कायदा पुकारला गेला. ती जावा बेटांत असतां, २१ मे रोजीं, धारासनेच्या मिठागरापुढें निःशस्त्र माणसें ओळीनें पुढें जाऊन डोक्यावर लाठ्या घेत होतीं. एकाच महिन्यांत, एकाच नकाशावर, धैर्याचे हे दोन प्रकार! त्यांची तुलना करण्याचा मोह होतो. आणि तरुणपणीं मीं ती केलीहि आहे. साम्राज्याच्या कौतुकाचें तें खेळणें, त्याचें आपल्याला काय, असें मीं वर्गांत म्हणत असे. पुढें मत बदललें, तेव्हां उलट टोंकाला जाऊन एकाकी वीरांगना म्हणून मीं तिचें स्तोत्र गाऊं लागलों. या दुसऱ्या मतालाहि धक्का दिला तो एका विद्यार्थिनीनें. इनसीनची हकीकत मीं सांगत होतों. ती मागच्या बाकावरून म्हणाली, “सर, पंख शिवला कोणी?”

मला उत्तर देतां आलें नाहीं. आणि तेव्हांपासून ‘एकाकी उड्डाण’ हा शब्द मला खटकूं लागला. विमानांत ती एकटी होती हें खरें. कड्यासमोर, वाळवंटांत, समुद्रावर तिच्या वांट्याचें भय दुसऱ्या कोणीं वांटून घेतलें नाहीं. तो मान तिचाच. पण झांशीच्या कारागिरानें पंख सांधला नसता, इनसीनच्या पोरांनीं शर्ट उसवले नसते, बंदर अब्बासला कोणी रात्र जागला नसता, तर डार्विन दूरच राहिलें असतें. इतिहासानें वैमानिकाचें नांव ठेवलें. सुई धरणाऱ्या हातांचीं नांवें ठेवलीं नाहींत. साम्राज्य दिनीं ज्या उड्डाणाचा साम्राज्यानें जयजयकार केला, त्याच्या पंखांवर साम्राज्याच्या प्रजेचे टांके होते. तेव्हां हें उड्डाण आपलें नव्हे असें म्हणण्याचा अधिकार आपल्याला उरत नाहीं. आणि तें केवळ त्यांचें होतें असें म्हणण्याचा त्यांनाहि उरत नाहीं.

गंमत अशी कीं, स्वतः ॲमीला हें कदाचित् सर्वांत आधीं पटलें असतें. कारखान्यांत तेलकट हातांनीं शिकलेल्या माणसाला सांधणाऱ्याची किंमत सांगावी लागत नाहीं. पुढील आयुष्यांत तिनें टोकियोपर्यंत आणि केपपर्यंत उड्डाणें केलीं, विक्रम मोडले, जिम मॉलिसन या वैमानिकाशीं लग्न केलें, तें मोडलेंहि. १९३४ मध्यें ऑस्ट्रेलियाच्या शर्यतींत पतीसह निघाली असतां इंजिनें बिघडून तिला पुन्हां अलाहाबादलाच थांबावें लागलें. दुसऱ्या महायुद्धांत ती कारखान्यांतून तळांवर विमानें पोंचवण्याच्या कामावर रुजू झाली: नांव नाहीं, विक्रम नाहीं, नेमून दिलेली हमाली. ५ जानेवारी १९४१ रोजीं खराब हवेंत एक विमान घेऊन जातांना ती टेम्सच्या मुखाशीं समुद्रांत पडली. ‘हेझलमिअर’ या जहाजाचे अधिकारी वॉल्टर फ्लेचर यांनीं तिला वांचवण्यासाठीं गोठलेल्या पाण्यांत उडी घेतली, आणि तेहि प्राणास मुकले. तिचा देह सांपडला नाहीं.

‘जेसन’ मात्र आहे. लंडनच्या विज्ञान-संग्रहालयांत तें हिरवें विमान छताला टांगलेलें आहे, आणि येणारेजाणारे मान वर करून पाहतात. त्या विद्यार्थिनीला पुढेंमागें तेथें जाण्याचा योग आला, तर ती काय विचारील हें मला ठाऊक आहे. उत्तर त्या पाटीवर नसेल. पण प्रश्न विचारणारें कोणी तेथें उभें राहावें, एवढें मात्र मला मनापासून वाटतें.